दाखवायचा फोटो

“पुन्हा फोटो आले नाहीत? अहो, तिसरा रविवार हा! मुलाकडचे मागून मागून थकले,” पेडणेकर भर नॅशनल पार्कात तडकले.

“रोलला ऊन लागलं, साहेब. सगळा रोल वाया गेला,” फोटोग्राफर दत्ताराम खाली मान घालून म्हणाला.

“जमत नसेल तर तसं सांगा ना. मी दुसरा फोटोग्राफर बघतो.”

“नको हो,” पेडणेकरांची बायको मध्ये पडली. “मृणालला यांच्यासमोर अवघडायला होत नाही.”

मृणाल पुन्हा आईची अबोली साडी नेसून गुलमोहराखाली उभी राहिली. दत्तारामने तिला हनुवटी जरा खाली करायला सांगितली, पदर सारखा करून घेतला आणि अगदी जीव ओतून फोटो काढले. मग पेडणेकर लेकीला घेऊन फाटकाकडे निघाले. बायको पिशवी आवरत मागे रेंगाळली.

“वहिनी,” दत्तारामने हळूच विचारलं, “पोरीचा बी.ए.चा शेवटचा पेपर कधी म्हणालात?”

“एप्रिलात.”

दत्तारामने मान डोलावली आणि भर उन्हात कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं.