पोटभर ऊन

रंगाऱ्याच्या घरात ऊन म्हणजे वैरी. "ऊन रंग खातं, पोरी, पडदा ओढ!" बाबांचं हे ओरडणं ऐकतच ती मोठी झाली. रंगाच्या भट्ट्या कधीच विझल्या. बाबांच्या सवयी तेवढ्या उरल्या. आज ती प्रयोगशाळेतून दोन काचांमध्ये कोंडलेला लाल रंग घेऊन आली. त्याचा रेणू तिनेच रचला होता, उन्हाची वीज करणारा. काचेला इवलासा पंखा जोडून तिने ती खिडकीत ठेवली. पंखा फिरू लागला. बाबांनी पूर्वी कापडावर घासायचे तसा ओला अंगठा काचेवर घासला. "छान धरलाय रंग," म्हणत त्यांनी झर्रकन पडदा ओढला. पंखा थांबला. "अहो बाबा, हा रंगच ऊन खातो!" बाबा थबकले. मग त्यांनी पडदा उघडला आणि खुर्ची ओढून ते उन्हात बसले. "खा रे बाळा," ते रंगाला म्हणाले, "पोटभर खा."