कमान बसली तेव्हा

"ही टेप आणखी दोन-चार वेळा मशीनवर चढवली, तर तिचा भुगा होईल," आवाजवाल्यांनी सांगितलं, आणि इतिहास मंडळाच्या खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा दाराजवळच्या खुर्चीकडे वळल्या.

तिथे बाई बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, अंगानं चिमणीएवढ्या. दर शनिवारी यायच्या. आत येताना पायपुसण्यावर पाय पुसायच्या, मग काहीतरी आठवल्यासारखं मागे जाऊन पुन्हा पुसायच्या. बाहेर रखरखीत ऊन असलं तरी हेच. मंडळाचं पायपुसणं बाईंच्या पायी झिजतं, तेव्हा नवं त्यांनीच आणावं, अशी थट्टा खजिनदार करत, आणि एकदा बाईंनी खरंच आणलं.

त्या एकच टेप ऐकायच्या. नदीवरचा पूल ज्यांच्या देखरेखीखाली उभा राहिला, त्या मुकादमांची. मंडळाच्या जुन्या पिढीतल्या कुणीतरी मुकादमांच्या म्हातारपणी, त्यांच्या घराच्या पायरीवर बसून त्यांना बोलतं केलं होतं. मधली कमान बसली तो किस्सा आला की बाई हात वर करत. टेप मागे घ्यायची, पुन्हा तोच किस्सा. तो काही हसण्यासारखा नव्हता. एक गडी मरता मरता वाचला होता. तरी बाई तिथे ओठ दाबून हसायच्या.

मुकादम तुमचे कोण, असं अध्यक्षबाईंनी पहिल्याच शनिवारी विचारलं होतं.

"त्यांच्या अंगणातच वाढले मी," बाई म्हणाल्या होत्या.

एवढ्यावर मंडळानं त्यांना मुकादमांची लेक ठरवून टाकलं. एरवी ही मंडळी दोन पुरावे मिळाल्याशिवाय दगडाचंही वय सांगायची नाहीत. पण मायेच्या गोष्टीत शहाणीसुरती माणसंही उचलली जीभ लावली टाळ्याला असं करतात. बाईंनी एकदा काही सांगायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात चहा आला आणि ते राहून गेलं.

आवाजवाले म्हणजे रेडिओवरून निवृत्त झालेले ध्वनिमुद्रक. माणूस तिरसट, कान तिखट. बाईंवर मात्र त्यांचा जीव होता. बापाचा आवाज ऐकायला लेक ऊनपाऊस बघत नाही, हे त्यांना फार भावलं होतं. त्यांनीच तोड काढली. टेप शेवटची एकदा लावायची, आवाज कॉम्प्युटरवर घ्यायचा, धुऊनपुसून लख्ख करायचा. पुलाच्या वाढदिवसाला तो सगळ्या गावाला ऐकवायचा आणि बाईंनाही घरी न्यायला द्यायचा.

बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "काही हरवणार नाही ना हो?"

"मुकादमांचा श्वाससुद्धा हरवणार नाही," आवाजवाले म्हणाले. "माझा शब्द."

मग त्यांनी स्वतःला कोंडून घेतलं. टेपच्या पोटात काय काय होतं! फटफटी, कुत्री, भांड्यांची आदळआपट, शेजारच्या दारात ओरडणारी कुणी बाई, वर टेपची स्वतःची खरखर. तांदळातले खडे वेचावेत तसं त्यांनी एकेक वेचून काढलं. टेप त्या शेवटच्या खेपेला खरंच जागोजागी सोलून निघाली आणि तिला डब्यात कायमची निजवावी लागली. पण मुकादम वाचले. बाईंची आठवण वाचली, म्हणून आवाजवाले स्वतःवर खूश होते.

कार्यक्रमाला सभागृह भरलं. भिंतींवर पुलाचे फोटो, पुढच्या रांगेत बाई. अध्यक्षबाईंनी 'मुकादमांच्या कन्या' म्हणून त्यांना फुलं दिली. बाई हळूच काही म्हणाल्या, पण टाळ्यांपुढे ते कुणाला ऐकू गेलं नाही.

मग मुकादम बोलू लागले. जणू आत्ता, इथे, तुमच्याआमच्यासमोर. लोक थक्क झाले. कमानीचा किस्सा आला तेव्हा बाईंनी डोळे मिटले आणि मान जराशी तिरकी केली. किस्सा संपला. त्यांनी डोळे उघडले, तर ते भरले होते. बापाच्या आठवणीनं गहिवरल्या, असं शेजारची माणसं कुजबुजली.

आवाजवाल्यांना मात्र ते खटकलं. त्या जागी बाई कधी रडत नसत.

लोक पांगल्यावर ते बाईंना मागच्या खोलीत घेऊन गेले. काय चुकलं, असं त्यांनी सरळच विचारलं.

"तुमचं काही चुकलं नाही. फार स्वच्छ झालंय," बाई म्हणाल्या. थोडा वेळ त्या हातातली फुलं नीट करत राहिल्या. "तुम्ही जे काढून टाकता ना, ते कुठे जातं हो?"

आवाजवाल्यांना हसू आलं. ते कुठेच जात नाही, त्यांनी समजावलं. ही त्यांची रेडिओपासूनची खोड होती. काढलेला कचरा वेगळा ठेवायचा आणि निवांत ऐकायचा, त्याच्याबरोबर बोलणाऱ्याचा एखादा शब्द तर गेला नाही ना ते बघायला. आता खात्री झाली होती, उद्या तो पुसून टाकायचा होता.

"मला ऐकवता?"

त्यांना नवल वाटलं, पण त्यांनी लावलं. खरखर. कुत्रं. दूर जाणारी फटफटी. कमानीच्या किश्शाच्या जागी आता मुकादम नव्हते. तिथे भांडं आपटल्याचा आवाज आला, आणि मग शेजारच्या दारातली ती बाई, घसा ताणून:

"टिटवे, पाय पुसून आत ये! आत्ताच पुसलीय मी फरशी. नीट पूस गं, पुन्हा पूस!"

बाईंनी झटकन पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"आले गं आई," त्या म्हणाल्या.