पिवळा कठडा

"वहिनी, हा कठडा पहिल्यापासून आहे. दिगंबर स्वतःच तो ओलांडून गेला, त्यात पार्कची काय चूक?" डॉल्फिनच्या तलावाकाठी मॅनेजर तिरोडकर पिवळ्या कठड्यावर हात ठेवून म्हणाले.

हेमांगीच्या मनात पाल चुकचुकली. तिचा नवरा डॉल्फिनला शिकवायचा. गेल्या आठवड्यात इथेच पाय घसरून बुडाला होता. पण तिने विचारलं नसताना हा माणूस कठड्याचंच का सांगत होता?

तिने पर्समधली नवऱ्याची शिट्टी काढून फुंकली. डॉल्फिन सरळ काठाकडे झेपावला, पण कठडा दिसताच गर्रकन मागे फिरला.

"बुजलाय," तिरोडकर हसले.

"नवी टोपी घातली तरी आठवडाभर जवळ येत नाही, असं हे सांगायचे. साहेब, कठडा कधी बसवलात?"

तिरोडकरांचा हात कठड्यावरून हळूच खाली आला.