ऊबदार हात

अँजिओग्राफीसाठी जांघेत नळी घातली होती, तिथेच मल्लिनाथला लिंबाएवढी गाठ आली आणि ती ठोक्यागणिक उडू लागली. धमनीचं भोक बुजलंच नव्हतं. आज सकाळी डॉक्टरांनी गाठीत औषधाचे सूक्ष्म कण सोडले आणि वर गरम पट्टी चिकटवली.

"हे कण उबेकडे धावतात आणि तिथलं रक्त गोठवतात," त्यांनी बजावलं होतं. "उद्यापर्यंत दुसरीकडे कुठेही शेक नको."

गिरिजाने शेक दिलाच नव्हता. नवऱ्याची तगमग बघवेना, म्हणून तिने फक्त तूप लावून काशाच्या वाटीने त्याचा तळपाय घासला होता. अंगातली उष्णता काढायला तिची आईही हेच करायची.

आता तो पाय पांढराफटक पडला होता. घोट्याजवळची नाडी लागेना. तिने दोन्ही तळहातांनी पाय खसाखसा चोळला, तरी बोटं गारच. तेव्हा घाबरून तिने डॉक्टरांना फोन लावला.

"तळवा चोळला?" डॉक्टरांनी विचारलं. "गाडी पाठवतो. तोवर त्यांना हात लावू नका, ताई. तुमचे हात तापले असतील."

तिने फोन ठेवला. तिचे तळहात अजून चुरचुरत होते.

"कशाला एवढी घाबरतेस?" मल्लिनाथ हसून म्हणाला. "हृदय बघ किती छान चाललंय." आणि तिचा हात ओढून त्याने छातीवर ठेवला.

"अहो, सोडा," ती कशीबशी म्हणाली.

तिला धीर द्यावा म्हणून त्याने तो आणखी घट्ट दाबून धरला.