घराण्याचं मत

मतदान संपायला, म्हणजे चार वाजायला, थोडाच अवकाश होता आणि दोन्ही बाजूंची मतं बरोबरीत येऊन अडकली होती.

लेटी वडिलांच्या शेजारी बग्गीत बसून होती. टोपीला आपल्या बाजूची निळी फीत, आणि मांडीवरचे हातमोजे पिळून पिळून पार चुरगळलेले. समोर बाजारचौकात लाकडी मचाण उभारलं होतं. मत द्यायचं म्हणजे त्याच्या पायऱ्या चढायच्या आणि साऱ्या गावादेखत उमेदवाराचं नाव घ्यायचं. लपवाछपवी नाहीच. त्यामुळे कोणाची किती मतं झाली, हे चौकातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं.

लेटीचे वडील सर हम्फ्री वेल्डन कित्येक वर्षं वेदरकोटचे खासदार. त्याआधी तिचे आजोबा. या खेपेला समोर उभा होता प्लम, सूतगिरणीचा मालक, कालपरवा पैसा पाहिलेला. सकाळी मचाणावर पहिला चढला तो हाच, आणि स्वतःचंच नाव घेऊन छाती काढून खाली उतरला. चौक खो खो हसला. हसता हसता निम्म्या गावानं मत मात्र त्यालाच दिलं.

आणि मघाशी तो टकर. जोना टकर म्हणजे वेल्डनांचं कूळ, त्याचा बापही त्यांचीच जमीन कसायचा. लेटी स्वतः त्याच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली होती, त्याच्या बायकोच्या हातचा केक गोड मानून खाल्ला होता, तेव्हा टकर जमिनीकडे बघत गप्प राहिला होता. आता कळलं का ते. टकर चॅपलात जाणारा, म्हणजे गावच्या चर्चपासून फुटलेल्या पंथाचा, आणि चॅपलवाल्यांकडूनही चर्चच्या दुरुस्तीसाठी जी पट्टी उकळतात ती प्लम बंद करणार होता. टकर वर चढला, मालकांच्या डोळ्यांदेखत "प्लम" म्हणाला आणि उतरला. त्याच मतानं बरोबरी झाली.

उतरल्यावर मात्र त्याला घरचा रस्ता सुचेना. टोपी छातीशी धरून तो तिथंच उभा राहिला. वेल्डनांचा कारभारी क्रॅब जाता जाता त्याच्या कानाशी लागला. शरद लागला की टकरच्या जमिनीचा पट्टा संपणार होता, आणि या मतानंतर तो पुन्हा मिळणार नव्हता. त्याचा चेहरा पांढराफटक पडलेला लेटीनं पाहिला. बरं झालं, तिला वाटलं. खाल्ल्या घरचे वासे मोजणाऱ्याची जमीन जाऊ दे खुशाल.

क्रॅब बग्गीपाशी आला. मालकांनी आता काही म्हणजे काही करू नये, नुसतं बसून राहावं, असं त्यानं हलक्या आवाजात सुचवलं. बरोबरी राहिली तर कौल महापौरांनी द्यायचा, आणि महापौर तर दर रविवारी वेल्डनांच्याच टेबलावर जेवायला.

सर हम्फ्रींनी काठी हातात घेतली. "माझं मत राहिलंय, क्रॅब."

क्रॅबच्या तोंडचं पाणी पळालं. वेल्डनांच्या घरातली रीत लेटी लहानपणापासून ऐकत होती. उमेदवारानं स्वतःला मत द्यायचं नाही, समोरच्याला द्यायचं. आजोबांनी दिलं, बाबांनी दर वेळी दिलं. पण तेव्हा समोरचाही खानदानी असायचा, तो उलट बाबांना मत द्यायचा आणि फिट्टंफाट व्हायची.

"बाबा, त्यानं सकाळी स्वतःलाच मत दिलंय," तिनं त्यांची बाही धरली. "त्यानं कुठं रीत पाळली?"

"त्याच्या घरात ती नाही, लेटी. आपल्या घरात आहे."

"आजच्या दिवस नाही पाळली तर काय बिघडतं?"

"आजवर फुकटात पाळली गं," ते म्हणाले. "आज पहिल्यांदा विकत घ्यायची आहे." त्यांनी तिची बोटं हळूच सोडवली.

सांधेदुखीनं त्यांना प्रत्येक पायरीवर थांबावं लागत होतं. वर पोचून त्यांनी टोपी काढली, आणि संसदेत बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, "ऑलिव्हर प्लम."

चर्चच्या घड्याळानं चारचे टोले दिले. प्लमचे वाजंत्रीवाले बाजे हातात धरून बघतच राहिले, एकालाही वाजवायचं सुचलं नाही. एक कसाई टोपी काढून उभा राहिला, मग त्याच्या शेजारचा.

लेटी कधी उठून उभी राहिली, तिचं तिलाच कळलं नाही. तिला रडू फुटलं होतं, आणि ते हरल्याचं रडू नव्हतं. रोज सकाळी अंडं कच्चं राहिलं म्हणून कुरकुरणारा, शेकोटीपाशी पेंगणारा आपला बाप हाच का, असं तिला झालं.

सर हम्फ्री उतरले आणि थेट टकरसमोर जाऊन थांबले. टकरची मान वर होईना. क्रॅब लगबगीनं मागे येऊन उभा राहिला.

"टकर," ते म्हणाले, "आज तू आणि मी एकाच माणसाला मत दिलं." मग कारभाऱ्याकडे वळले. "क्रॅब, या मतापायी कोणाला हुसकायचं असेल, तर आधी माझं सामान बाहेर काढ."

क्रॅब दोन पावलं मागे सरला. सर हम्फ्रींनी टकरला काठीनं बग्गी दाखवली.

"चल, पाय ओढत कुठं जातोस. आमच्याच वाटेवर आहे तुझं घर."

बग्गीचं दार उघडायला गाडीवान खाली उतरत होता. त्याच्या आधीच लेटीनं हात लांबवला, आतून दार उघडलं, आणि टकरला बसायला जागा व्हावी म्हणून ती कोपऱ्यात सरकून बसली.