पाचवा नंबर

“टँकरची यादी कॉम्प्युटरनं केलीय, साहेब. आमचा हात नाही त्यात,” सोसायटीचे चेअरमन बलभीमराव तहसीलदारांना म्हणाले.

ही थाप बारा दिवस चालली होती. बारा दिवस टँकर नळदुर्गहून यायचा आणि चेअरमनच्या मळ्यातल्या विहिरीत रिकामा व्हायचा. भीमनगरच्या बाया घागरी घेऊन कचेरीत आल्या की उत्तर तयार असे, “कॉम्प्युटरला विचारा.” शेवटी बायांनी तहसीलदारांना गाठलं.

कॉम्प्युटर खरोखरच होता. पेढ्याच्या खोक्याएवढा, टीव्हीला जोडलेला. सभासदांच्या नोंदींसाठी घेतला, पण नोंदींची कॅसेट आलीच नाही. सोबत फुकट आलेली खेळाची तेवढी चालायची. खेळ गोळीबाराचा असला तरी शास्त्रीय होता. वरून हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे अणू पडत. खालच्या तोफेनं आधी दोन हायड्रोजन टिपायचे, मग एक ऑक्सिजन. पाण्याचा एक थेंब जमा. क्रम चुकला की तोफ फुटे. त्या उन्हाळ्यात अख्ख्या तालुक्यात पाणी तयार होत होतं ते एवढ्या एकाच ठिकाणी. बलभीमराव रोज सकाळी दोन तास ते तयार करत. खेळ संपला की पडद्यावर नावं लागत. ज्याचे थेंब जास्त, तो वर.

“दाखवा यादी,” तहसीलदार म्हणाले.

बलभीमराव निर्धास्त होते. यादी इंग्रजीत आणि सकाळी बघितलं तेव्हा नाव एकच, आपलं. त्यांनी टायपिस्ट शामलाला खूण केली. तिनं टीव्ही लावला.

तहसीलदारांनी चष्मा चढवला. “एक, बना. दोन, मालन. तीन, सुमन. चार, गुलाब. पाच, बलभीम. पुढं आकडे कसले?”

“थेंब हायती, साहेब,” दारातून बनाबाई म्हणाली. ती कचेरी झाडायची आणि भीमनगरात राहायची.

हा खेळ आहे म्हणावं, तर यादी कुठंय? बलभीमरावांनी मान डोलावली.

“टँकर आधी भीमनगरला,” तहसीलदारांनी लिहून सही केली. “आणि रोज यादी बघूनच सोडायचा.”

जीप गेली.

“कवा शिकलीस गं हे?” बलभीमरावांनी दात खाल्ले.

“तुमीच म्हणलाव की, कॉम्प्युटरला इचारा. रोज दुपारी तुमी जेवाया गेलाव की आमी चौघी इचारायचो. शामलाबाई नावं घालायच्या.”

बलभीमरावांनी खाडकन बटण बंद केलं. रोज संध्याकाळी पुसली जायची तशी यादी पुसली गेली.

“आता बघू उद्या कुणाचं नाव लागतंय!”

बनाबाईनं झाडू भिंतीला टेकवला, पदराला हात पुसले आणि खुर्ची त्यांच्याकडं सरकवली.

“बसा, चेअरमनसाहेब. आधी तुमी खेळा. पाचवा नंबर तुमचाच हाय, त्याला कुणी हात लावणार न्हाय.”