घरात कुणाला झालं होतं का?

"सिगारेट?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे," आई म्हणाली.

"काकू, मी हिला विचारतेय."

"नाही ओढत," लेक हसून म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी फॉर्मवर खूण केली. लेक चोवीस वर्षांची झाली होती, पण दवाखान्याची पायरी चढली की आईच्या तोंडाचा पट्टा अजून तसाच सुरू व्हायचा. ताप कधी आला, भूक कशी आहे, झोप लागते का, सगळी उत्तरं तिच्या जिभेच्या टोकावर. दुखणं तेवढं लेकीचं.

हे दुखणं मात्र आईला बोलून आवरण्यातलं नव्हतं. लेकीच्या हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला मोठ्या, ठणकणाऱ्या पुटकुळ्या यायच्या. पाळी जवळ आली की जास्तच. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती आणि त्या नोकरीत तिला सगळ्यात जास्त काय आवडायचं, तर मास्क. डबासुद्धा ती सगळ्यांचं आटोपल्यावर एकटी खायची. हे आईला परवा लेकीच्या मैत्रिणीकडून कळलं. तीन मलमं झाली होती, दोनदा गोळ्यांचे कोर्स झाले होते. आता डॉक्टरीणबाई म्हणत होत्या की हा हार्मोन्सचा खेळ आहे, गर्भनिरोधक गोळ्या देऊन बघू.

"अहो, हिचं लग्न नाही झालेलं अजून," आई म्हणाली.

"गोळीला कुठं कळतंय ते? पुरळासाठीच देतेय, काकू. बरं, अर्धशिशी? डोकं दुखण्याआधी डोळ्यांसमोर चमकतं वगैरे?"

"नाही," लेक म्हणाली.

"घरात कुणाला पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झाली होती का? आई, बहीण?"

"नाही," मायलेकी एकदमच म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंना हसू आलं. त्यांनी ती खूणही करून टाकली.

आई धडधडीत खोटं बोलली होती. लेक जन्मली त्याच्या चौथ्या दिवशी आईची डावी पोटरी सुजून दगड झाली होती आणि सहाव्या दिवशी तिला श्वास घेता येईना. पायातली गाठ फुप्फुसात गेली होती. बावीस दिवस ती दवाखान्यात पडून होती आणि बाळ घरी बाटलीवर. त्या बावीस दिवसांत सासूबाई येईल त्याला सांगत होत्या, पोरगी आईच्या मुळावर आलीय. आई घरी परतली ती हे ऐकूनच. तिनं नवऱ्याला, नणंदेला, खुद्द सासूबाईंनाही बजावलं की यातला एक शब्द पोरीच्या कानावर जाता कामा नये. तिचा डावा पाय अजून संध्याकाळी सुजायचा. लेकीनं विचारलं की ती शिलाई मशीनवर खापर फोडायची. तू अगदी सुखरूप आलीस, सकाळी चहाच्या वेळेला, असं ती लेकीला इतक्यांदा सांगत आली होती की मधूनमधून तिलाही ते खरं वाटायचं.

डॉक्टरीणबाई चिठ्ठी लिहिता लिहिता सांगत होत्या. "लगेच फरक दिसणार नाही. तीन-चार महिने धीर धर. सुरुवातीला मळमळेल, छाती जड वाटेल, मध्येच थोडा रक्तस्राव होईल. मन उदास झालं तर मला सांग. आणि पोटरी दुखली, सुजली किंवा एकदम धाप लागली, तर थेट मोठ्या दवाखान्यात जायचं. या गोळ्यांनी रक्ताची गाठ होऊ शकते. फार क्वचित होतं तसं. पण घरात कुणाला झालेलं असलं तर ते क्वचित राहत नाही, म्हणून तर आधी विचारून घेतलं."

लेक खाली मान घालून पर्सची चेन उघडझाप करत होती. चोवीस वर्षं जे पोरीपासून लपवलं, ते आता पोरीच्याच जिवावर उठलं होतं. बोलावं तर पोरीला कळणार की तिच्या जन्मानं आई मरता मरता वाचली. न बोलावं तर चिठ्ठी तयारच होती. डॉक्टरीणबाईंनी ती फाडून लेकीच्या हातात दिली. लेक उठली.

"मला झाली होती," आई म्हणाली.

"काय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"गाठ. पायात, मग फुप्फुसात. हिच्या बाळंतपणात." लेकीकडे बघायचा तिला धीर होईना. "मघाशी खोटं बोलले मी."

डॉक्टरीणबाईंनी लेकीच्या हातातून चिठ्ठी काढून घेतली आणि तिचे चार तुकडे केले. "या गोळ्या नकोतच मग. दुसरे उपाय आहेत, वेळ लागेल एवढंच. आणि काकू, तुम्हा दोघींच्या रक्ताच्या काही तपासण्या करून घेऊ." बोलता बोलताच त्यांनी नवा फॉर्म ओढला.

आईनं लेकीचं मनगट धरलं. "तुझा काही दोष नव्हता गं त्यात. म्हणून नाही सांगितलं कधी."

"मला माहितीये, आई," लेक म्हणाली. "सातवीत असतानाच आत्यानं सांगितलं होतं. गाठीचं, बावीस दिवसांचं, सगळं."

आईनं विचारलं, "अगं, मग मघाशी नाही का म्हणालीस?"

"तू नाहीच म्हणणार होतीस," लेक म्हणाली. "मग मी हो कसं म्हणणार?"